लॉक नट घेण्याआधी: आटे गाडीचे, बैठक चाकाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सोसायटीत पार्किंग नाही, म्हणून होंडा सिटी रात्रभर रस्त्यावर उभी असते. मूळची लोखंडी चाकं काढून बाहेरून १६ इंची अलॉय बसवली आहेत. गल्लीतल्या एका गाडीची चारही चाकं एका रात्रीत गेली आणि सकाळी गाडी विटांवर उभी होती. आता लॉक नट, म्हणजे खास चावीशिवाय न सुटणारे चाकाचे नट, घ्यायचे आहेत. ऑनलाइन दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत सेट दिसतात आणि निम्म्यांवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असतं. त्यातला कुठला घ्यावा?

‘युनिव्हर्सल’वाले आधी बाजूला काढा. चाकाच्या नटात युनिव्हर्सल असं काही नसतं. लॉक नट हा आधी नट असतो, लॉक नंतर. तुमच्या सिटीला प्रत्येक चाकाला चारच नट आहेत. त्यातला एक बदलायचा म्हणजे चाक धरून ठेवण्याचं पाव काम तुम्ही नव्या वस्तूवर सोपवताय. गिऱ्हाईक दुकानात येतं ते चोराचा विचार करत. आम्ही मात्र आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) काढतो आणि मापं हातात आल्याशिवाय चोराचं नाव काढत नाही.

ही मापं दोन वेगवेगळ्या जागांवरून येतात आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. आटे गाडीवरून ठरतात, कारण स्टड (नट ज्यांवर फिरतो ते आटेदार दांडे) गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, असतात. नटाचा जो भाग चाकाच्या भोकात टेकतो ती बैठक, आणि तिचा आकार चाकावरून ठरतो. गाडी तीच ठेवून चाक बदललं तर आटे तेच राहतात, बैठक मात्र बदलू शकते. तुमचं नेमकं तेच झालंय. म्हणून ‘होंडा सिटीसाठी’ असं लिहिलेला सेटही तुम्हाला डोळे झाकून चालणार नाही.

आट्यांचं सोपं आहे. होंडाचा स्टड एम १२ × १.५, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर, त्यालाच पिच म्हणतात. ह्युंदाई, किया आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना हेच माप लागतं. मारुती सुझुकीच्या आणि निसानच्या बऱ्याच गाड्यांना मात्र एम १२ × १.२५. हा पाव मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. दीडचा नट सव्वाच्या स्टडवर एखाद-दोन वेढे गुपचूप चढतो आणि मग अडतो. हाताने फिरवणारा माणूस तिथे थांबतो. गन (धक्क्यांनी नट फिरवणारं यंत्र) लावणारा थांबत नाही, आणि गन जिंकते. स्टडचे आटे गेले की नवा स्टड आला, आणि तो बसवायचा तर ब्रेक उघडून हबपर्यंत जावं लागतं. म्हणून नवा नट कुठलाही असो, पहिले पाच-सहा वेढे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. पाना नाही, गोटी (सॉकेट) नाही, गन तर नाहीच.

तसाच वेढे मोजायचाही हिशेब आहे. स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गेले पाहिजेत. १२ मिलिमीटरच्या स्टडला दीडच्या पिचने ८ पूर्ण वेढे होतात, सव्वाच्या पिचने साधारण १०. नट हाताने टेकेपर्यंत ८ वेढेही होत नसतील, तर एक तर चाक फार जाड आहे, किंवा मधे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) आहे, किंवा नट चुकीचा आहे. तसं चाक रस्त्यावर न्यायचं नाही.

आता बैठक. इथे जरा थांबू, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही आणि मला लॉकपेक्षा तिचीच काळजी वाटते. अलॉय बसवताना दुकानदाराने नट बदलले होते का?

नटाच्या बैठका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली शंकूची. तिचा कोन ६० अंशांचा असतो आणि बाजारात बाहेरून मिळणारी जवळजवळ सगळी अलॉय याच बैठकीची असतात. दुसरी गोल, चेंडूच्या पाठीसारखी फुगीर. होंडाचे मूळ नट या जातीचे आहेत आणि त्या गोलाईची त्रिज्या १२ मिलिमीटर असते. तिसरी सपाट, खाली वॉशर आणि भोकात शिरणारी छोटी मान असलेली. टोयोटाच्या काही मूळ अलॉयना ती लागते. शंकूच्या भोकात गोल नट घातला तर तो बसतो, आवळलाही जातो, वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण आत तो पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक कड्यावर टेकतो. त्या कड्यावर सगळा दाब येतो, अलॉयचा मऊ धातू तिथे दबतो, आणि चार-दोनशे किलोमीटरनंतर नट ढिला झालेला असतो. मग माणूस तो पुन्हा आवळतो, अजून धातू दबतो आणि भोक लंबगोल व्हायला लागतं. ‘अलॉय बसवल्यापासून ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग तीनदा केलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या होंडामध्ये आम्ही बॅलन्सिंग मशीनकडे जाण्याआधी एक नट काढून बघतो.

तुम्हीही आज एक नट काढून बघा. खालचा भाग गोल असेल आणि अलॉयचं भोक सरळ उताराचं असेल, तर तुम्हाला चार लॉक नटांबरोबर बाकीचे बारा साधे नटही शंकूचे घ्यावे लागतील. लॉक नंतर घ्या, हे आधी करा.

डोळ्यांनी कळलं नाही तर पंधरा रुपयांच्या काळ्या मार्करने कळतं. नटाच्या बैठकीवर सगळीकडून मार्कर फासा, वाळू द्या, नट हाताने टेकवा, पान्याने हलकेच पाव वेढा द्या आणि पुन्हा काढा. रंग सगळीकडून रुंद पट्ट्यात घासला गेला असेल तर बैठक जुळली. एक केसभर रेघ उमटली असेल, किंवा एकाच बाजूचा रंग गेला असेल, तर तो नट त्या चाकाचा नाही. मार्करला नाव, कंपनी, किंमत यांतलं काही समजत नसल्यामुळे त्याचं उत्तर नेहमी खरं असतं.

याच्याशी जोडलेली अजून एक गोष्ट. सिटीच्या हबचा मधला उंचवटा ५६.१ मिलिमीटरचा आहे आणि कंपनीचं चाक त्यावर चपखल बसतं. बाहेरची अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावी म्हणून मधलं भोक मोठं ठेवून बनवतात, ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटर वगैरे. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग येते. ती रिंग बसवलेली नसेल (आणि बरेचदा नसते, कारण ती वेगळी विकत घ्यावी लागते), तर चाक मध्यावर आणायचं कामही नटांच्या बैठकीवर पडतं. अशा वेळी तीन नट शंकूचे आणि चौथा लॉक नट कुठल्या तरी गोल बैठकीचा असेल तर चाक थोडं सरकून बसतं. चाक काढलंच आहे तर रिंग आहे का, हेही बघून घ्या.

मग भोकाची रुंदी. कंपनीच्या चाकात नटासाठी ऐसपैस जागा असते. बाहेरच्या बऱ्याच अलॉयमध्ये ही भोकं अरुंद असतात. सिटीच्या मूळ १९ मिलिमीटरच्या नटावर जी गोटी चढते, तिची जाड भिंतसुद्धा काही चाकांत आत जात नाही. लॉक नटाची चावी नटाच्या बाहेरून चढणारी असेल तर ती नटापेक्षा जाड असणारच. व्हर्नियरने भोकाचा व्यास मोजा आणि सेटवर चावीचा बाहेरचा व्यास लिहिलेला असतो तो पडताळा. लिहिलेला नसेल तर विकणाऱ्याला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर तो सेट सोडून द्या. नट बसतोय पण चावी आत जात नाही, ही फजिती घरासमोरच कळली तर नशीब.

लांबीचं थोडक्यात सांगतो. लॉक नट बहुधा वरून बंद असतात. आतली खोली कमी पडली तर स्टडचं टोक नटाच्या टोपीला आतून टेकतं. पान्याला कडक लागतं, वाटतं आवळला, आणि चाक मात्र सैलच असतं. नट चाकाशिवाय नुसत्या स्टडवर फिरवून किती वेढे आत जातो ते मोजा, मग चाकासकट मोजा. चाकासकट कमी वेढ्यांत टेकला म्हणजे तो चाकावर टेकलाय, टोपीवर नाही. उलट बाजूने, नट चाकाच्या पृष्ठभागाबाहेर डोकावेल इतका लांबही नको. रिक्षाला घासण्याचं ते निमंत्रण आहे, आणि बाहेर आलेल्या भागावर चोराच्या हत्याराला पकड मिळते.

इथवर आलात म्हणजे आता चोराकडे वळता येईल.

बाजारात ‘लॉक’ म्हणून जे विकलं जातं त्यातला मोठा भाग लॉक नसतो. अंगाला सहा-सात उभ्या खाचा असलेले बारीक नट आणि सोबत एक लांबट चावी, असा सेट तुम्ही नक्की पाहिला असेल. रंगीत, दिसायला झकास. अरुंद भोकांच्या अलॉयसाठी ते नट बनवलेत आणि त्या कामाला चांगले आहेत. पण त्या चाव्या ठरावीक मापांच्या असतात आणि कुठल्याही अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात सुट्या मिळतात. माझ्या सेटची चावी तुमच्या सेटला लागत असेल तर त्याला लॉक म्हणायचं कशाला? पेट्रोल भरता भरता एखादा उचल्या हात मारेल, त्याला अडवण्यापुरतं ठीक.

खऱ्या लॉक नटाच्या डोक्यावर वेडीवाकडी, फुलाच्या पाकळीसारखी वळणं घेणारी खाच असते आणि प्रत्येक सेटला तिचा नमुना वेगळा असतो. एकाच कंपनीकडे असे बरेच नमुने असतात आणि तुमचा कोणता, हे कोडने ठरतं. खाच जितकी अरुंद आणि तिच्या भिंती जितक्या कडक, तितकं तिच्यात दुसरं काही ठोकून बसवणं अवघड. अमेरिकेची मॅकगार्ड ही या धंद्यातली जुनी कंपनी. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही ती माल पुरवते. तिच्या सेटसोबत कोडचं कार्ड येतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा घेतलात तरी ही एक कसोटी लावा: चावी हरवली तर कोड सांगून दुसरी मागवता येते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर चावी हरवेल त्या दिवशी तुम्ही आणि चोर एकाच पातळीवर असाल. दोघांनाही नट फोडूनच काढावा लागेल.

यावरचा प्रकार म्हणजे बाहेरून मोकळं फिरणारं कडं असलेला नट. लॉक काढायची सगळ्यांत जुनी युक्ती म्हणजे थोड्या लहान मापाची गोटी हातोड्याने त्यावर ठोकून बसवायची आणि फिरवायची. बाहेरचं कडं मोकळं फिरत असेल तर गोटी कड्यालाच फिरवत बसते, आतला नट हलत नाही. कल्पना उत्तम आहे, आणि रात्री रस्त्यावर राहणाऱ्या गाडीला मी हाच प्रकार सुचवतो. पण त्याचा एक तोटा सांगणं भाग आहे. स्वस्तातल्या नटात ते कडं गंजून जाम होतं, किंवा कुणी गन मारली तर सुटून पडतं. आणि कधी चावी हरवली, तर चोराला छळणारं तेच कडं आमच्यासारख्यांनाही छळतं, मग काढण्याची मजुरी वाढते. कड्याचा नट घ्यायचा तर चांगल्या कंपनीचा घ्या, नाहीतर साधा खाचेचा बरा.

कुठलाही लॉक नट चाक चोरीला जाणं अशक्य करत नाही. हातात अवजारं, कौशल्य आणि वेळ असलेला माणूस तो काढतोच. आम्हीही काढतो. नट विकत घेतो तो वेळ. चोराला चार चाकं चार-पाच मिनिटांत हवी असतात. ठोकाठोकीचा आवाज आणि प्रत्येक चाकामागे वाढलेली मिनिटं त्याला परवडत नाहीत, मग तो पुढच्या गाडीकडे जातो. म्हणूनच गाडी दिव्याखाली लावणं, पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवणं आणि एक बाजू भिंतीला शक्य तितकी खेटवणं या फुकटच्या गोष्टी लॉकइतक्याच कामाच्या आहेत. वळलेल्या चाकापर्यंत पाना घालायला अडचण होते, आणि भिंतीकडच्या चाकापर्यंत हातच पोचत नाही. बाहेरून बसवलेली अलॉय विम्याच्या पॉलिसीत नोंदवून घ्या हेही सांगतो. नोंद नसेल तर त्यांच्या किमतीवर वाद होतो.

धातूबद्दल लांबण लावत नाही. नट पोलादाचाच हवा. लाल-निळे-जांभळे हलके नट बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. ते शर्यतीच्या गाड्यांतून फॅशन म्हणून खाली उतरले. रोजच्या गाडीत त्यांचे आटे झिजतात आणि लॉक म्हणून ते कुचकामी आहेत. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर परत ठेवा. डोक्यावर पातळ चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेले दोन तुकड्यांचे नटही टाळा. आत पाणी शिरलं की टोपी फुगते आणि मग त्यावर ना चावी धड बसते ना गोटी. मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी तर नक्कीच टाळा. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात नटाच्या खाचेत गंज आणि चिखल यांचा असा गोळा होतो की चावी अर्धीच आत जाते. अर्ध्या गेलेल्या चावीवर जोर लावला की खाच छिलते. टायर धुताना जुना टूथब्रश त्या खाचेतून फिरवा आणि सेटसोबत प्लास्टिकची टोपी आली असेल तर ती लावून ठेवा.

किती घ्यायचे? प्रत्येक चाकाला एक, म्हणजे चारचा सेट. सगळे सोळा लॉक नट लावण्याची हौस काहींना असते. तिची गरज नाही. एक सुटला नाही तर चाक सुटत नाही, आणि सोळा वेळा त्याच चावीवर ताण पडला की चावीच लवकर जाते. ज्यांची स्टेपनी मागच्या दरवाजावर टांगलेली असते त्यांनी मात्र पाचवा लॉक तिथे लावावा. चोराला सगळ्यांत सोपं चाक तेच, जॅकसुद्धा लागत नाही.

लॉक चारपैकी कुठल्याही स्टडवर चालतो. चारही चाकांवर हवेच्या वॉल्व्हच्या सगळ्यांत जवळच्या स्टडवर लावा, म्हणजे अंधारातही शोधावा लागत नाही. ‘एक नट जड झाला तर चाकाचं बॅलन्सिंग जाईल का?’ असं बरेच जण विचारतात. समजा लॉक नट साध्यापेक्षा २० ग्रॅमने जड आहे. तुमच्या चाकाचे स्टड मध्यापासून ५० मिलिमीटरवर आहेत आणि बॅलन्सिंगचं वजन लागतं ते रिमच्या कडेला, २०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तिथे त्याचा परिणाम ५ ग्रॅमचा, बॅलन्सिंगला लावतात त्या सगळ्यांत लहान पट्टीइतका. विसरून जा.

बसवताना मात्र एक गोष्ट विसरायची नाही: लॉक नटावर गन चालवायची नाही, काढतानाही नाही आणि लावतानाही नाही. गन धक्क्यांनी काम करते, आणि चावीचे ते नाजूक दात धक्क्यांसाठी घडवलेले नसतात. दहा वेळा चालेल, अकराव्या वेळी एक दात तुकडा होऊन खाचेत अडकेल. आणि हे होतं बहुतेक वेळा तुमच्या पाठीमागे. गाडी सर्व्हिसिंगला दिलेली असते, पोऱ्या घाईत असतो, चावीही साध्या गोटीसारखीच दिसते. म्हणून सर्व्हिसिंगला देताना जॉबकार्डवर लिहून घ्या, ‘लॉक नट हाताने उघडणे’. तोंडी सांगितलेलं काउंटरच्या पलीकडे जात नाही.

क्रम असा ठेवा. काढताना चाक जमिनीवर असतानाच लॉक नट सगळ्यांत आधी ढिला करायचा, बाकीचे तीन चाक घट्ट धरून असतात तेव्हा. लावताना तीन साधे नट आधी समोरासमोर टेकवायचे आणि लॉक शेवटी. चावी पूर्ण आत गेली आहे, तिरकी नाही, हे बोटाने चाचपा आणि पाना फिरवताना दुसऱ्या हाताने चावी आत दाबून धरा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा ठरलेला जोर, कोरड्या आट्यांचा असतो. तेल लावलं की तेवढ्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो.

टॉर्क सिटीला १०८ न्यूटन-मीटर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३. इतरांनी आपापलं पुस्तक उघडावं, ग्लोव्हबॉक्समध्ये असतं. १०८ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ११ किलोंचा भार. गाडीसोबतचा पाना पाव मीटर लांब धरला तर टोकाला ४४ किलो. म्हणजे दोन्ही हातांनी चांगला जोर लागतो, पण पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नसतात. आपल्याकडे अर्धी चाकं उड्या मारूनच आवळलेली असतात आणि म्हणून घाटात पंक्चर झालं की नट हलत नाही. टॉर्क रेंच असलेल्या दुकानातच बसवून घ्या, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. नव्या अलॉयवर नव्या नटाची बैठक थोडी दबते, हे गृहीतच आहे.

आता चावी. लॉक नटाच्या जितक्या भानगडी आमच्या दारात येतात त्यात चोरीच्या कमी आणि चावीच्या जास्त असतात. ठरलेली गोष्ट आहे: चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये ‘नीट’ ठेवलेली, आणि गाडी गणपतीला कोकणात निघालेली, कशेडीच्या आसपास रात्री अकरा वाजता पंक्चर. पंक्चरवाला तीन नट काढतो, चौथ्याकडे बघतो आणि तुमच्याकडे बघतो. तेव्हा चावी गाडीतच हवी. पण ग्लोव्हबॉक्समध्ये नको. काच फोडणारा पहिला हात तिथेच घालतो. स्टेपनीच्या खाली, जॅकच्या खोबणीत, फडक्यात गुंडाळून ठेवा. ड्रायव्हरला, बायकोला, मुलाला, जो कोणी गाडी नेतो त्याला जागा माहीत हवी. आणि पंक्चरवाल्याकडून काम झाल्यावर पैसे देण्याआधी चावी मागून घ्या. ती त्याच्या गोटीच्या तोंडात अडकून राहते आणि गोटी पेटीत जाते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ती चावी परत मिळत नाही.

कोडचं कार्ड मात्र गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. कार्डाचा आणि चावीच्या तोंडाचा, शेजारी पट्टी ठेवून, फोटो काढून फोनमध्ये ठेवा. चावीच्या मागच्या षटकोनाचं मापही आत्ताच बघून घ्या. सिटीचा पाना १९ चा आहे. चावीचा षटकोन २१ चा निघाला तर तो पाना रात्री उपयोगाचा नाही. १९ आणि २१ अशा दोन पायऱ्या असलेल्या चाव्या मिळतात, त्या सोयीच्या.

चावी हरवलीच, तर घाई करू नका. कोड असेल तर नवी मागवा आणि तोवर गाडी चालवा. चाक कुठे जात नाही. कोड नसेल तर उलट्या पिळाच्या दातांची एक खास गोटी येते. ती नटावर ठोकली की फिरवताना अधिकाधिक घट्ट चावत जाते. ती ज्याच्याकडे आहे अशा टायरवाल्याकडे जा. एखादा म्हणेल, ‘वेल्डिंग मारून काढतो, दोन मिनिटांचं काम.’ लोखंडी चाकावर चालून जातं. अलॉयवर त्या उष्णतेने रंग जातो आणि नटाच्या बैठकीजवळचा धातू मऊ पडतो, म्हणजे ज्या जागेसाठी आपण मार्कर घासत बसलो तीच जागा जाते. ड्रिलही कडक पोलादावर घसरतं आणि घसरलेलं ड्रिल चाकावरच ओरखडा काढतं. काढलेला लॉक पुन्हा वापरायचा नसतो. उरलेले तीनही त्याच दिवशी काढून नवा सेट घ्या.

हे वाचणाऱ्यांत फोक्सवॅगनच्या पोलो, व्हेंटोवाले किंवा स्कोडाच्या रॅपिडवाले असतील तर त्यांच्यासाठी: तुमच्याकडे नट नाहीत, बोल्ट आहेत. एम १४ × १.५, बैठक गोल पण त्रिज्या १३ मिलिमीटर, मूळ पाना १७ चा, टॉर्क १२० न्यूटन-मीटर. होंडाची गोल बैठक आणि तुमची गोल बैठक दिसायला जुळी, मापाला वेगळी. बोल्टमध्ये लांबी जास्त जपावी लागते. चार मिलिमीटर जास्त लांब बोल्ट मागच्या ब्रेकच्या भागांना जाऊन घासू शकतो, म्हणून मूळ बोल्टशेजारी ठेवून मोजल्याशिवाय लावू नका. या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीकडूनच लॉक बोल्ट येतात आणि त्यांच्या चावीवर कोड कोरलेला असतो. तो कुठेतरी टिपून ठेवा.

पुन्हा तुमच्या सिटीकडे. एम १२ × १.५, ६० अंशांचा शंकू, पोलादी, वरून बंद, भोकात चावी जाईल इतका बारीक, फिरत्या कड्याचा आणि कोडचं कार्ड असलेला चारचा सेट, आणि तुमचे सध्याचे नट गोल निघाले तर सोबत बारा साधे शंकूचे. हे कागदावर लिहून दुकानात न्या. आणि जुने गोल नट टाकून देऊ नका. तुमची स्टेपनी अजून होंडाचीच लोखंडी असणार आणि तिची बैठक गोल आहे, तिला अलॉयचे शंकूचे नट बरोबर बसत नाहीत. मूळचे चार नट एका पिशवीत घालून, ‘फक्त स्टेपनीसाठी’ अशी चिठ्ठी टाकून, लॉकच्या चावीशेजारी ठेवून द्या.